बाबांचा डावा गाल

घरात त्याला सगळे 'सलून' म्हणायचे. आठ खाटांचं घर, आठही जण दारूतून आणि रस्त्यावरून उठून आलेले. ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव. कुणी ड्रायव्हर, कुणी मास्तर. घर सांभाळणारा वायरमन. तोही बारा वर्षांपूर्वी याच घरात खिडकीजवळच्या खाटेवर घामाघूम होऊन पडला होता. आपण मात्र आपल्या माणसाला धाकटा म्हणू, कारण त्याची सगळी भानगड वडिलांशी आणि थोरल्या भावाशी होती.

भानगड अशी. घरात सहा महिने राहायचं. तेवढ्यात काम मिळालं आणि मालकाने तसं सहीनिशी लिहून दिलं, तर माडीवरची खोली मिळायची, वर्षभर, स्वतःच्या किल्लीसकट. नाही मिळालं तर खाट रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांग मोठी होती आणि धाकट्याचे नऊ दिवस उरले होते. त्याने गावातली सगळी सलूनं पालथी घातली. पण या धंद्यात जग फार लहान असतं हो! जाईल तिथे मालक विचारायचा, "बापाचा गळा चिरलास तो तूच ना?"

गळा काही चिरला नव्हता. लोकांना काय, राईचा पर्वत करायला निमित्त पुरतं. डाव्या कानाखाली कापलं होतं, चार टाके पडले होते. तेही काही कमी नाही म्हणा. बापाचंच दुकान, बापाचीच खुर्ची, आणि हा बहाद्दर सकाळी सकाळी टाकून आलेला. त्याच दिवशी थोरल्याने त्याची पिशवी रस्त्यावर भिरकावली. पुढची दोन वर्षं धाकटा बस स्टँडमागच्या जिन्याखाली झोपला. 'बरं झालं भिरकावली,' असं तो आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हता, तेव्हा थोरल्याच्या नावाने बोटं मोडत होता.

शेवटी नाक मुठीत धरून तो बापाचं दुकान आता सांभाळणाऱ्या थोरल्याकडेच गेला. थोरला एका गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, दुसरी खुर्ची रिकामीच दिसतेय."

"असू दे रिकामी. निदान रक्त तरी सांडत नाही तिच्यावर."

"एकदा बघ तरी माझं काम."

थोरल्याने मशीन बंद केलं. "पुढच्या शनिवारी सकाळी नऊला ये. पहिलं गिऱ्हाईक बाबा. त्यांची दाढी नीट झाली तर तुझ्या त्या कागदावर सही करतो. नाही झाली, तर पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही. कळलं?"

"कळलं," धाकटा म्हणाला. शनिवार म्हणजे त्याचा घरातला शेवटचा दिवस.

आता यातली खरी मेख ऐका. धाकटा कारागीर अव्वल होता, त्यात वाद नाही. पण गेल्या पंधरा वर्षांत त्याने शुद्धीत एकही दाढी केली नव्हती. सकाळी हात थरथरायचा. पडद्यामागे जाऊन दोन घोट घेतले की थांबायचा. घोट मिळाले नाहीत तर दाढीनंतर लावायचं लोशन होतंच, जीभ जाळणारं. त्यामुळे वस्तरा चालवायची सगळी कला त्या प्यायलेल्या हाताला ठाऊक. हा नवा, कोरडा हात अगदी नवशिका, आणि अजूनही थरथरणारा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ! कुठून आणायचा वेळ?

घरात पातं आणायला सक्त बंदी. एवढंच नाही, रोज सकाळी सातला हजेरी असायची. नावाची नव्हे, अवस्थेची. प्रत्येकाने उभं राहून आज आपण कसे आहोत ते मोठ्याने सांगायचं आणि मगच कामाला हात लावायचा. कुणी म्हणायचा, "रात्रभर झोप नाही, मला शिडीवर चढवू नका." कुणी म्हणायचा, "आज हात थरथरतोय, धार माझ्या हातात देऊ नका," की त्याच्याकडची भाजी चिरायची सुरी काढून त्याला कपडे वाळत घालायला पाठवायचे. कुणी हसायचं नाही, कुणी उपदेश करायचा नाही. बोलल्याला शिक्षा नव्हती. लपवल्याला मात्र आठवडाभर संडास. धाकट्याला सुरुवातीला हे नाटक वाटायचं. दोन आठवडे संडास घासल्यावर वाटायचं बंद झालं.

वायरमनने शनिवारचं ऐकलं, डोकं खाजवलं आणि कुलपाच्या कपाटातून त्याचा जमा केलेला वस्तरा काढला. "रोज अर्धा तास. माझ्या डोळ्यांसमोर."

नवशिक्या कारागिराला फुग्यावर शिकवतात. फुगा फुगवायचा, फेस लावायचा, पात्याने फेस काढायचा. पहिल्या सकाळी अकरा फुगे फुटले. ड्रायव्हर प्रत्येक आवाजाला खाटेवर उडत होता. "अरे, मी दारू सोडायला आलोय की लढाईला?" पण संध्याकाळी पुढच्या दिवसाचे फुगे फुगवायला तोच गाल फुगवून बसायचा. तिसऱ्या दिवशी सात फुटले. पाचव्या दिवशी पुन्हा नऊ. धाकट्याने वस्तरा टेबलावर आपटला. "नाही जमत! जळलं मेलं लक्षण माझं!"

"जमत नाही ते दिसतंय," वायरमन म्हणाला. "दुसरा घे."

त्याने दुसरा घेतला. सातव्या दिवशी तीन फुगे अखंड उरले. आठव्या दिवशी मास्तर स्वतःच टॉवेल गळ्याला गुंडाळून खुर्चीत येऊन बसला. "पोरांनी तीस वर्षं वर्गात माझी बिनपाण्याची केली. तू निदान पाणी तरी लावशील." सगळे खो खो हसले, पण पातं गालाला टेकलं तेव्हा कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. पाऊण तास लागला. एक ओरखडा नाही. धाकट्याला भडभडून आलं, आणि ते लपवायला तो मोरीत जाऊन ब्रश धूत बसला.

शनिवारी बाबा आधीच खुर्चीत होते. सत्तरीचा माणूस, ताठ बसलेला. आठवडाभराची पांढरी दाढी वाढवून आले होते. पोराला काम द्यायचं तर खरं काम द्यावं, असा त्यांचा हिशेब. 'ये' नाही, 'कसा आहेस' नाही. त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. थोरला हाताची घडी घालून आरशाशेजारी उभा राहिला. बाकावर दोन गिऱ्हाइकं पेपर वाचत होती, म्हणजे पेपरच्या वरून बघत होती.

उजवा गाल झकास उतरला. खरंच सांगतो, थोरल्याचीसुद्धा भुवई वर गेली. मग धाकटा डाव्या बाजूला आला. फेसाखाली ती खूण होती. बोटाला लागली आणि हाताला कंप सुटला. आधी बोटं, मग मनगट. त्याने कोपर पोटाशी दाबून धरलं, श्वास रोखला, काही उपयोग नाही. समोर फळीवर लोशनची निळी बाटली होती. एक घोट, फक्त एक, आणि हात दगडासारखा स्थिर होईल, हे त्याला स्वतःच्या जन्मतारखेइतकं पक्कं ठाऊक होतं. कागद मिळेल, खोली मिळेल. "पाणी बदलून आणतो" एवढंच म्हणायचं आणि बाटली घेऊन पडद्यामागे जायचं होतं.

तोंड उघडलं आणि जिभेवर भलतंच आलं. सहा महिन्यांची सवय, दुसरं काय! वस्तरा ताटलीत ठेवून तो ताठ उभा राहिला आणि हजेरीत सांगतात तसा खणखणीत बोलला, "आज हात थरथरतोय. धार माझ्या हातात देऊ नका."

भर दुकानात! एका गिऱ्हाइकाने पेपरची घडी केली आणि चपला पायात सरकवून काढता पाय घेतला.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे अक्कल गहाण टाकलीस काय? असं बोलतो का कारागीर? चार माणसांत? बाबा, तुम्ही हलू नका, उरलेली मी करतो. आणि तू नीघ."

बाबांनी डोळे उघडले. "थांब रे." मग आरशातून धाकट्याकडे पाहिलं. "त्या दिवशीही थरथरत होता?"

"हो. तो थांबवायलाच टाकून आलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली, बाबा."

"आणि आज?"

"आजही वाटतेय." धाकट्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि त्याने ते पुसलं नाही. "मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण धार नाही धरणार आज. दादा म्हणतो तर निघतो."

बाबांनी स्वतःच टॉवेल ओढला आणि डाव्या गालावरचा फेस पुसून टाकला. उजवी बाजू गुळगुळीत, डावीकडे पांढरं रान. ध्यानच दिसत होतं. थोरला वस्तरा घेऊन पुढे झाला, तसा बाबांनी त्याचा हात बाजूला केला.

"ही बाजू याची आहे. उद्या सकाळी नऊला करेल. उद्या थरथरला तर परवा. सही कर त्याच्या कागदावर."

"अहो, पण दाढी झालीय कुठे? आणि असे रस्त्याने जाणार तुम्ही? लोक काय म्हणतील?"

"सही कर."

थोरल्याने वस्तरा ताटलीत ठेवला. मग गल्ल्यातून पेन काढलं आणि सही केली.

बाबा पायऱ्या उतरले आणि भर बाजारातून चालू लागले, मान वर करून, दोन्ही गाल जगाला दाखवत. समोरचा शिंपी मशीन थांबवून हसायला लागला. "काय हो, हे काय? अर्ध्यातच पळून आलात की काय?"

"पळतोय कशाला?" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "धाकटा घरी आलाय. त्याच्याकडून करून घेतोय."