भरलेला तांब्या

वडीगोद्रीत बिनकामाचा चालणारा माणूस एक तर कुणाचा बांध कोरायला निघालेला असे, नाहीतर निजाम सरकारचा खबऱ्या असे. रखमाजीला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. त्याला फक्त सकाळी ओढ्याकाठानं चालायला आवडे. घरात भाऊ, भावजया, त्यांची पोरं आणि एक कायम रुसलेली आत्या. तिथं स्वतःच्या बाजेवरही तो पाहुणा असे. ओढ्याकाठी मात्र टिटवीसुद्धा त्याच्यावर घरच्यासारखी ओरडे.

म्हणून त्यानं तांब्या हाती घेतला. भरला तांब्या घेऊन रानाकडं निघालेल्या माणसाला आपल्याकडं कुणी "कुठं निघालात?" म्हणून विचारत नाही. तेवढी सभ्यता आहे.

महिनाभर सुख लाभलं. पण उजाडताच गेलेला माणूस उन्हं चढल्यावर परततो, हे गावाच्या नजरेत भरलं. शेजारणींनी जुलाबावर डाळिंबाच्या सालीचा काढा धाडला. ख्वाजामियाँ हकीम तर न बोलावता आले आणि नाडी धरून बसले.

"शरमाव नक्को, रखमाजी. कबसे चालू हय?"

"मियाँ, पोट बिलकुल ठीक हाय. मी नुसता चालून राह्यलो तिकडं."

"काहेकू?"

"बरं वाटतं."

"वहाँ क्या हय?"

"काहीच न्हाई."

हकीमांनी नाडी सोडली आणि डोकं चाचपलं. आजार वर चढला होता. पुडी, भाताची पेज आणि घराबाहेर पाऊल टाकायची मनाई. अख्खं घर पहाऱ्याला बसलं. आत्या तर रुसवा सोडून.

रात्री बायको, साळूबाई, हळूच म्हणाली, "एक इचारू? राग धरू नका."

"इचार."

"तांब्या रोज भरलेलाच परत येतो. मंग तुमी... धूत न्हाई का काय?"

रखमाजीच्या अब्रूवर एवढं कधी आलं नव्हतं. "उद्या चल," तो म्हणाला. "आपल्या डोळ्यानं बघ."

सकाळी साळूबाईनं पहारा स्वतःकडं घेतला आणि दार उघडलं. नवराबायकोनं जोडीनं तांब्या घेऊन जायची रीत नाही. तो पांदीनं गेला, ती आपला वेगळा तांब्या घेऊन मळ्याच्या वाटेनं. ओढ्याच्या उंच काठावर, वाळत चाललेल्या करंजाच्या रोपापाशी दोघं भेटली. चालली. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी भाकर मागत नव्हतं. साळूबाई थांबली, खाली बसली, पाय लांब केले.

"हितं कसं," ती म्हणाली, "आपल्या घरी आल्यावानी वाटून राह्यलं."

"मंग? पटलं ना?"

"पटलं. पण भरला तांब्या परत न्यायचा न्हाई. लोक काय म्हणतील?" आणि तिनं दोन्ही तांबे करंजाच्या बुडाशी रिते केले.

आता दोघंही रोज रिते तांबे घेऊन उशिरा परतायला लागली, तेव्हा आजार साथीचा असल्याचं ख्वाजामियाँनी जाहीर केलं आणि मनाई फिरवून दोघांना गावापासून लांबच जायची ताकीद दिली.

उन्हाळ्यात सारं रान करपलं. करंज तेवढा हिरवागार. एवढं हिरवं तिथंच कसं, याचं कारण गावानं आपल्यापरीनं काढलं, नाकाला पदर लावला आणि त्या बाजूला फिरकणं कायमचं सोडलं.