तेलाचा हात

"पुन्हा धू, ग्रासिएला," डॉक्टर मोंतिएल म्हणाल्या.

मी चकत्यांवरून पुन्हा पाणी सोडलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. टायटॅनियमच्या बाराच्या बारा चकत्या कोऱ्या होत्या, त्यांवर वाढवायला सोडलेली एकही हाडपेशी पाण्यात टिकली नव्हती. आम्लात खरवडलेल्या या धातूला पेशी घट्ट धरतात, हे दाखवण्यात आमची सहा वर्षं गेली होती. ही शेवटची चाचणी. ती यशस्वी झाली की याच खेपेत केलेला खुब्याचा सांधा पहिल्या रुग्णाला बसणार होता. ती रुग्ण म्हणजे अमालिया, आमच्या एवारिस्तोची बायको. तिला पूर्वी बसवलेला सांधा हाडातून सुटला होता, साधा नवा तिथं धरणार नव्हता आणि आठ महिने ती अंथरुणाला खिळली होती.

एवारिस्तो अर्जेंटिनातल्या तांदिल गावचा. तरुणपण सुऱ्यांच्या कारखान्यात घालवून आमच्याकडे आलेला. धातूला हात लावावा तर त्यानेच. तो दारात उभा होता.

"आम्लात किती वेळ ठेवल्यात, एवारिस्तो?" डॉक्टरांनी विचारलं.

"नेहमीइतक्याच, बाई."

"आणि मग पाण्यात?"

"मग पुसल्या. सांधापण पुसला. माझ्या घरच्या चामड्याच्या फडक्यानं."

"पुसल्या?"

"सुरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी आम्ही तेलाचा एक हात फिरवतो, बाई. कोरडं पातं कुणाला देत नाही. इथं कधी तसं केलं नव्हतं, तुमची शपथ. पण या वेळी माझ्या अमालियाचं होतं ना."

तेलकट धातूला पेशी काय धरणार! माझं डोकंच फिरलं. "अहो, वीस वर्षं इथं काढलीत की झोपा काढल्यात?" मी ओरडले. ते वाक्य मला आजही टोचतं. तो गप्प राहिला असता तर दोष आमच्या कामावर गेला असता, काम बंद पडलं असतं आणि त्याच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

"तेल खरवड्यांत मुरलंय, ते आता धुऊन निघायचं नाही. नवी खेप, नवी चाचणी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "चार महिने तरी लागतील."

"तेवढे ती नाही काढायची, बाई."



अमालिया जूनमध्ये गेली. पडून पडून छातीत कफ भरला. पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी एवारिस्तो कामावर हजर.

"घरी बसा हो थोडे दिवस," मी म्हटलं.

"घरी बसून काय घासू?"

नवी खेप त्यानेच केली. मी ती तीनदा धुतली. पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या, जागच्या हलेनात. मी त्याला बोलावलं. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिला.

"हा सांधा आता कुणाला?"

"नेकोचेआ गावच्या एका शिक्षिकेला. एकसष्ट वर्षांची आहे."

"तिला सांगू नका," तो सरळ होत म्हणाला, "आधी कुणाचा नंबर होता ते." आणि हातमोजे चढवून त्याने पुढचा ट्रे उचलला.