न हलणारा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे. पण मित्रांनो, मला पाहून तुम्हाला अंगाई आठवणार नाही. उभ्या आयुष्यात मी एकाही रडणाऱ्या लेकराला झोपवलं नाही. माझ्या अंगावर निजल्या त्या साऱ्या बाटल्या होत्या. हिरव्या काचेच्या, धुळीनं माखलेल्या, माझ्याहून वयानं कितीतरी मोठ्या. एक लेकरू तेवढं निजलं, तेही अर्धा तास. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण सुरुवात माझ्या जन्मापासून केली पाहिजे.

बारामतीच्या बुरूड आळीत चंद्राबाईनं मला विणलं. साल एकोणीसशे तेहेतीस. एका सकाळी इब्राहिम तिच्या दाराशी आला. इंदापूरच्या वाटेवर कालव्याकाठी जो सरकारी बंगला आहे, तिथला तो खानसामा. साहेबांचा वेताचा पाळणा वाळवीनं खाल्ला होता, तसा दुसरा हवा होता.

"व्हय का, साहेबाच्या घरी पाळना हलला म्हनायचा," चंद्राबाई खुशीत म्हणाली.

"तसं न्हाय, चंद्राबाई. आन् हलवायचा तर मुळीच न्हाय. जरा तिरका पायजे. डोस्कं वर, पाय खाली. हलला की बिघडतं."

"पाळना आन् हलवायचा न्हाय? असलं कसलं ओ प्वार?"

"बावीस वर्सांचं हाय," इब्राहिम म्हणाला, आणि हसत निघून गेला. दारूच्या बाटलीचं नाव एका बाईपुढं काढायची त्याला लाज वाटली असावी.

चंद्राबाईला ती थट्टा वाटली. इब्राहिमनं दीड वीत माप सांगितलं होतं. तिनं मला अडीच वीत केलं, कारण लेकरू वाढतं. बांबूच्या कामट्या इतक्या तासल्या की कुठं कूस लागू नये. टांगायला दोन बाजूंना सुताचे फास लावले आणि बुडाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळदीचं बोट ओढलं. मला इब्राहिमच्या हाती देताना तिनं बजावलं, "रिकामा पाळना कदी हलवू नका बरं. लेकराला बरं नसतं."

बंगल्यावर गेल्यावर मला माझं काम कळलं. साहेबांचं नाव मॉर्टन. आसपासची माणसं त्यांना मार्तंड साहेब म्हणत. ते कालव्याचे इंजिनियर होते आणि त्यांचा अर्धा जन्म गाळ काढण्यात गेला होता. उरलेला अर्धा गाळ सांभाळण्यात. फ्रान्स देशात बर्गंडी नावाचा मुलूख आहे, तिथली तांबडी वाइन वीस-वीस वर्षं बाटलीत मुरते आणि तिच्या तळाशी बारीक गाळ बसतो. बाटली हलली की गाळ उठतो, मग सारी चव गेली. म्हणून ती आडवी, किंचित तिरकी, माझ्यासारख्या पाळण्यात ठेवायची आणि पाळण्यासकट उचलून हळूच ओतायची. मी बाटलीपेक्षा मोठा झालो होतो, म्हणून इब्राहिमनं उरलेल्या जागेत घडी घातलेला पंचा भरला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कौतुक कुणाला आवडत नाही? महिन्यातून एका रविवारी दुपारी जेवणं झाली की तीन माणसं टेबलाभोवती बसत. एक साहेब. दुसरे दौंडहून येणारे पारशी डॉक्टर. तिसरे इंदापूरचे वकील बापूसाहेब, विलायतेत शिकून आलेले. मी टेबलाच्या मधोमध असे. डॉक्टर माझ्या विणीवरून बोट फिरवत आणि म्हणत, विलायतेत असं काम मिळायचं नाही.

पिणं त्यांच्या लेखी गौणच होतं. आधी ग्लास उजेडात धरायचा, मग नाक घालायचं, मग डोळे मिटायचे. बापूसाहेब म्हणत, ओल्या पाचोळ्याचा वास येतो. डॉक्टर म्हणत, अळंबीचा. साहेब म्हणत, थांबा, ती अजून झोपेत आहे, जागी होऊ द्या. जुनी शॅम्पेन असली की भाजलेल्या बदामाची गोष्ट निघे. एका घोटावर अर्धा तास. त्या वासात दुसरा वास मिसळू नये म्हणून उदबत्ती बंद, विडी बंद, डोक्याला तेल लावलेल्या माणसाला आत यायला बंदी. इब्राहिम थेंबालाही शिवत नसे, पण नुसतं बूच हुंगून कुठली बाटली बिघडली ते सांगे, आणि साहेब त्याचा शब्द मानत. तीन शहाणी माणसं इतक्या बारकाईनं वास घेताना पाहून मला वाटे, यांच्या नाकातून जगातलं काही सुटत नसेल.

मग चौतीस सालच्या भाद्रपदातला तो रविवार उजाडला.

साहेबांच्या वाढदिवसाची मेजवानी होती. माझ्यात तेवीस वर्षांची बर्गंडी निजली होती. तिच्यानंतर, सर्वांत शेवटी, तितकीच जुनी शॅम्पेन उघडायची होती. शॅम्पेन गार लागते आणि बारामतीहून बर्फ येईतो त्याचं पाणी होई. म्हणून साहेबांनी सकाळीच ती बाटली जाळीत घालून कालव्यात, सांडव्याच्या दारापाशी बांधली होती. कालवा फुगला की हे दार उघडतात, म्हणजे जादा पाणी ओढ्याला निघून जातं. दार वर उचलायला एक लोखंडी दांडा फिरवावा लागतो. कुणी चुकून दार उघडलं तर बाटली आपटून फुटेल, म्हणून साहेबांनी तो दांडा आणून जेवणघराच्या कोपऱ्यात उभा केला होता. माझ्यापासून चार पावलांवर.

दुपारी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. ओढ्यांचं पाणी कालव्यात घुसलं. इथं ऊन होतं, म्हणून टेबलावरच्या कुणाला काही कळलं नाही. कळलं ते बिरूला. बिरू हा तिथला पाटकरी, कालव्याची दारं सांभाळणारा. त्याची झोपडी कालव्याच्या मातीच्या भरावाच्या पायथ्याशी होती. तो चिखलानं भरलेला, कालव्याच्या पाण्यानं भिजलेली घोंगडी पांघरून व्हरांड्याच्या पायरीखाली उभा राहिला. वर यायची त्याला मनाई होती.

"इब्राहिमभाई, पानी काठाला लागलंय. झोपडीमागं भराव झिरपाय लागलाय. दांडा द्या."

"साहेबाला इचारतो," इब्राहिम म्हणाला.

तो आत आला तेव्हा बूच नुकतं निघालं होतं. साहेबांच्या एका हातात मी होतो. इब्राहिमनं हळू आवाजात सांगितलं. साहेबांनी मान न वळवता बोट वर केलं. पंधरा मिनिटं, ते म्हणाले. ही संपली की तू जाऊन बाटली काढ, मग त्याला दांडा दे. बापूसाहेब मराठी माणूस. भराव झिरपतो म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते डोळे मिटून म्हणाले, "वा, आज पाचोळा नाही, आज ओली माती."

तो वास बर्गंडीचा नव्हता, मित्रांनो. तो बिरूच्या घोंगडीचा होता.

इब्राहिमनं निरोप सांगितला. बिरू म्हणाला, "पंधरा मिन्टं. पान्याला सांगू का तसं?" आणि मग, "माजी बायको सिंधू एकटी माती टाकतीया वर. वीस दिसाची बाळंतीन हाय ओ ती."

इब्राहिम पुन्हा आत आला. या वेळी तो साहेबांकडं गेलाच नाही. तो सरळ कोपऱ्याकडं वळला आणि त्यानं दांड्यावर हात ठेवला. मी ते पाहिलं. माझी एकेक कामटी ताणली गेली. चार पावलं आत, दहा पावलं बाहेर, एवढंच अंतर होतं.

"इब्राहिम," साहेब म्हणाले, "डॉक्टरांचा ग्लास बदल."

त्यांनी दांड्याकडं पाहिलंही नव्हतं. इब्राहिमनं हात काढला आणि ग्लास उचलला. तीस वर्षांची सवय होती. मी त्याला दोष देतो आणि देतही नाही. पण तो ग्लास त्यानं उचलला, हे खरं आहे.

ग्लास पुसून होण्याआधी आवाज आला. भिंत पडावी तसा नाही, मोठं लुगडं फाटावं तसा. मग बाईची हाक ऐकू आली. सगळे उठले. डॉक्टरांनी हातातला ग्लास आधी नीट टेबलावर ठेवला आणि मग ते धावले.

झोपडीमागचा भराव फुटला होता. सिंधुबाई वर, फुटल्या जागेच्या कडेला होती, ती वाचली. खाली झोपडीत वीस दिवसांची मुलगी जुन्या लुगड्याच्या झोळीत निजली होती. ती चौथी मुलगी, मोठ्या तिघी गुरांमागं रानात होत्या. तिला कुणी पाळण्यात घातलं नव्हतं, नाव ठेवलं नव्हतं. आल्यागेल्यानं नकोशी म्हटलं, तेच चिकटलं. सिंधुबाई मात्र तिला सोनू म्हणायची, हे मला नंतर तिच्या रडण्यातून कळलं. झोळी दोनशे पावलांवर बाभळीला अडकलेली सापडली. डॉक्टरांनी मुलीच्या छातीला कान लावला, मग झोळीचं टोक तिच्या तोंडावर ओढलं.

इब्राहिम धावत जेवणघरात आला. त्यानं माझ्यातून बर्गंडीची बाटली काढली आणि टेबलावर उभी आपटली. सारा गाळ उठला. पंचा झटकून त्यानं मला नेलं आणि त्या मुलीला माझ्यात ठेवलं. चंद्राबाईचं माप चुकलं नव्हतं. मुलगी माझ्यात बरोबर मावली. डोकं जरा वर, पाय खाली.

बिरूनं मला दोन्ही हातांवर घेऊन ओढ्यापलीकडं नेलं. तो इतका जपून चालत होता की मी जरासुद्धा हललो नाही. हलवून उपयोगही नव्हता. तिथं तिला मातीत ठेवलं आणि मला रिकामा परत आणलं.

आठवड्यानं पुण्याहून वरचे साहेब चौकशीला आले. त्याच टेबलाशी बसले, बाजूला बापूसाहेबही होते. भराव घुशीच्या बिळामुळं फुटला, असं ठरलं. दार वेळेवर का उघडलं नाही, असा प्रश्न आला तेव्हा इब्राहिमला आत बोलावलं. "दांडा कुठं होता?" त्यानं एकदा बापूसाहेबांकडं पाहिलं. इतरांची वकिली करणारे बापूसाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"सांडव्यावर," इब्राहिम म्हणाला.

कामात कसूर केली म्हणून बिरूची नोकरी गेली. तो आणि सिंधुबाई तीन मुलींना घेऊन वरकुटे गावाकडं निघून गेले. मी टेबलावरच होतो, मित्रांनो. मला तोंड असतं तर, असं मी पुष्कळदा म्हणतो. पण ज्यांना तोंड होतं त्यांनी तरी काय केलं?

पुढच्या महिन्यात मला धुऊन पुन्हा टेबलावर ठेवलं. नवी बाटली, तीच तीन माणसं. इब्राहिमनं मला उचललं आणि मी त्याच्या हातात हललो. गाळ उठला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच झालं. साहेब रागावले नाहीत. तुझं वय झालं, म्हणाले, आणि त्याला घरी पाठवलं. जाताना त्यानं मला काखोटीला मारलं. कुणी अडवलं नाही.

तो थेट बुरूड आळीत आला. चंद्राबाई सूप विणत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. "प्वार मोठं झालं वाटतं साहेबाचं?"

इब्राहिम तिच्या उंबऱ्याशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बाटलीचं, दांड्याचं, ग्लासाचं, आणि त्या एका शब्दाचं. चंद्राबाईनं मला उलटं करून बुडाची हळद पाहिली. ती अजून होती. मग तिनं विचारलं, "बिरू कुटं असतो म्हनालास?"

"वरकुट्याला."

"मग हितं कशाला सांगतुयास? तितं जाऊन सांग."

इब्राहिम उठला. तो वरकुट्याला पोहोचला की नाही, मला ठाऊक नाही. त्याला पाच वर्षं झाली आणि या आळीत तो पुन्हा आला नाही.

आता मी चंद्राबाईच्या आढ्याला टांगलेला असतो. माझ्यात ती काही ठेवत नाही, लसूणसुद्धा नाही. मला विकतही नाही. माझी एक कामटी सुटली आहे आणि फास विरले आहेत. मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं व्हायचं ते झालं. मागणं एवढंच आहे की कुणी चिखलाच्या पायांनी तुमच्या दाराशी येऊन काही सांगू लागला, तर हातात काय आहे ते पाहू नका. ते खाली ठेवा आणि उठा.

दुपारचा वारा सुटला की मी रिकामाच हलू लागतो. तेव्हा चंद्राबाई विणकाम अर्धं टाकते, गुडघ्यावर हात टेकून उठते आणि मला धरते. ती सत्तरीची आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि आता माझ्यात कुणीही नाही.