पिवळा पडलेला समुद्र

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यातही विद्रावक, म्हणजे ज्यात एखादा पदार्थ विरघळतो तो द्रव, हा माझा खास विषय. हा द्रव नुसता भांड्यासारखा बसून राहत नाही, विरघळलेल्या पदार्थाच्या भानगडीत नाक खुपसतो, हे मी वर्गात घसा कोरडा होईस्तोवर सांगत असतो. तीच दोन रसायनं एका द्रवात रुसल्यासारखी बसून राहतात आणि दुसऱ्यात टाकली की हां हां म्हणता त्यांचं तिसरंच काही होऊन जातं.

एवढं ठाऊक असलेल्या माणसाने काय केलं ते ऐका.

माझी थोरली बहीण नाटकांचे पडदे रंगवते. घरात काही मोडलं की ती शेजाऱ्यांना हाक मारते, मला नाही. आणि त्यात तिचं काही चुकत नाही. तिला एका नाटकासाठी जांभळट निळा समुद्र हवा होता आणि बाजारातला एकही रंग मनासारखा मिळेना. माझ्या प्रयोगशाळेत नेमका तसा रंग तयार झाला होता. तो ॲसिटोनमध्ये विरघळवून मी कुपी तिच्यासमोर धरली. ताई बघत राहिली आणि म्हणाली, "हाच." तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल चक्क आदर दिसला. तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

आम्ही दारंखिडक्या उघड्या टाकून कृत्रिम धाग्याचं लांबलचक कापड रंगवलं, वाळवलं आणि रंगमंचावर टांगलं. दिग्दर्शिका खूश झाल्या. मी, कोणी विचारलं नसताना, रंगांवर छोटं भाषणही दिलं. तेवढ्यात ताईला खालच्या कडेला चुण्या दिसल्या. त्या काढायला तिने पाण्याचा फवारा मारला, आणि पाणी पडलं तिथे समुद्र पिवळा झाला. हळदीसारखा पिवळा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हे असं होणार, तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "शिकवतो मी हे."

मग मी समजावून सांगितलं. या रंगाच्या कणाचं एक टोक धन असतं, एक ऋण. पाण्याचे कण दोन्ही टोकांना घेरून घट्ट धरून ठेवतात, म्हणून तो पिवळा दिसतो. ॲसिटोनची पकड सैल, आणि या कोरड्या कापडाच्या धाग्याचीही, म्हणून तिथे निळा. मी फळा असल्यासारखे हवेत हात फिरवत होतो. ताई डोकं धरून खाली बसली. प्रयोग तोंडावर आला होता आणि दुसरा पडदा रंगवायला वेळ नव्हता. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

दिग्दर्शिका मात्र पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वाळल्यावर हा पुन्हा निळा होतो का, असं त्यांनी विचारलं. होतो, मी म्हणालो. त्या हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या अंकात सूर्यास्त आहे, सर."

अशा रीतीने विद्रावकांचा हा अभ्यासक झाडांवर औषध मारायचा पंप पाठीला बांधून पडद्यामागे उभा राहिला. पहिल्या प्रयोगाला नायक "आता परत फिरू या" म्हणाला आणि मी जीव तोडून पंप मारला. समुद्र खालून वर पिवळा होत गेला. प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नायकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे थेंब ठिबकले, पण ते मुद्दामच आहेत असं लोकांनी समजून घेतलं. पंपाचा पट्टा तुटला तेव्हा ताईने मागून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. अंधारात ती हसत होती, तिचे खांदे हलताना मला जाणवत होते.

वर्तमानपत्रात परीक्षण आलं. सूर्यास्ताचं तोंडभरून कौतुक होतं, आणि त्याचं सगळं श्रेय प्रकाशयोजनाकाराला दिलं होतं. मी खुलासा लिहायला बसलो होतो. ताई म्हणाली, "राहू दे रे. त्याला आजवर कोणी चांगलं म्हटलेलं नाही."

आता तो भेटला की मला आग्रहाने चहा पाजतो, आणि प्रकाश नेमका कसा टाकावा लागतो ते समजावून सांगतो. मी मान डोलावत ऐकून घेतो.