नियमकाकांच्या टेबलावरची घंटी

मी घंटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरचीही नव्हे. टेबलावरची, उपड्या वाटीएवढी, डोक्यावर बटण असलेली. बटण दाबलं की 'टिंग' म्हणायचं, एवढंच मला येतं. पण ते मी आजवर कधी खोटं म्हटलेलं नाही. माणसांना एवढंही जमत नाही.

एका कारखान्यात यंत्रानं पत्र्याच्या चकतीवर धपाटा घातला आणि मी जन्मले. तिथून गेले एका लॉजच्या काउंटरवर. कारकून समोर उभा असला तरी लोक त्याच्याशी न बोलता मलाच बडवायचे. तेव्हापासून माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. लॉज बंद पडलं, मी भंगारात गेले. तिथून मला उचललं ब्रिज क्लबातल्या दादांनी आणि पुसूनबिसून क्लबात आणलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रिज म्हणजे चौघांचा पत्त्यांचा खेळ. समोरासमोरच्या दोघांची जोडी, आणि जोडीदाराच्या हातात काय आहे ते न बघता ओळखायचं. यातच सगळी मजा, असं हे लोक म्हणतात. मला विचाराल तर मजा थोडी आणि जोडीदारावर खेकसणं फार. माझं काम फेरी सुरू झाली की वाजायचं आणि संपली की वाजायचं. मधल्या वेळात मी त्यांची भांडणं ऐकायची.

पुढे क्लबाची जागा गेली आणि सगळा कारभार संगणकावर आला. स्पर्धा भरवायची जबाबदारी दादांच्या धाकट्या भावानं घेतली. हा गृहस्थ पाणीखात्यात मीटर तपासायचा. निवृत्त झाला, पण तपासणी काही सुटली नाही. सगळे त्याला नियमकाका म्हणतात. काकांनी मला घरी आणून संगणकाच्या माइकपाशी बसवलं. घरोघरी बसलेल्या खेळाडूंना माझी 'टिंग' ऐकू जायची. संगणकात घंटेचे पन्नास आवाज आहेत म्हणे, पण काकांना मीच हवी होते. मला उगाच नको तेवढा अभिमान वाटला.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. जोडीविरुद्ध जोडी, हरली की घरी. म्हणजे घरीच होती, पण तरी घरी. नावं आली तेवीस जोड्यांची. काकांनी तक्ता आखला, खोडला, पुन्हा आखला. शेवटी बत्तीसचा तक्ता करून नऊ जोड्यांना पहिल्या फेरीत 'पुढे चाल' दिली. झालं! न खेळता पुढे जायला मिळावं म्हणून मोठमोठी शहाणी माणसं आठवडाभर फोन करत होती. खेळायची एवढी हौस!

पहिल्याच रविवारी एक शिंपी आणि त्याचा मेहुणा चार मिनिटं उशिरा आले.

"काका, वीज गेली होती हो," शिंपी काकुळतीला आला.

"तीन मिनिटांची सवलत आहे. नियमात विजेचा उल्लेख नाही," काका म्हणाले आणि मला दाबलं. दोघे बाद. शिंप्यानं सहा महिने सराव केला होता. पण खरं सांगते, तेव्हा काका मला आवडले. निदान एक माणूस तरी सरळ आहे असं वाटलं.

बाद झालेल्यांना पुढचे सामने बघता यावेत म्हणून प्रेक्षकांचं वेगळं पान होतं. तिथे चौघांच्याही हातातले पत्ते उघडे दिसत. कुणी लबाडी करू नये म्हणून काकांनी ते पान, आवाजासकट, अर्धं मिनिट मागे ठेवलं होतं. अर्धं मिनिट! एकेका पत्त्यावर तीन-तीन मिनिटं डोकं खाजवणाऱ्या लोकांना अर्ध्या मिनिटाचा काय धाक? पण काकांना वाटलं, कोण कशाला बघतंय.

उपांत्य फेरीत दादा आणि त्यांचा जोडीदार दंतवैद्य आले. समोर एक सासू आणि सून. सासू निवृत्त नर्स, सून ग्रंथपाल. दादांनीच काकांना आठव्या वर्षी हा खेळ शिकवला होता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दादांनी आजवर एकही करंडक जिंकला नव्हता. दादांनी एकदा तरी जिंकावं, एवढीच काकांची इच्छा. ती त्यांनी काकूंना दहा वेळा सांगितली होती.

काकांनी मला दाबलं. टिंग. डाव सुरू झाला. आणि अर्ध्या मिनिटानं दादांच्या माइकमधून मला माझाच आवाज ऐकू आला. टिंग.

दादांच्या खोलीत दुसऱ्या संगणकावर प्रेक्षकांचं पान उघडं होतं, कुठल्याशा खोट्या नावानं. स्वतःच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे शेजारी मी वाजले याचा त्यांना पत्ताच नाही. लबाडी करायची तर ती धड तरी करावी!

"काका, घंटी परत वाजली का?" सुनेनं विचारलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "आमच्याकडे आवाज घुमतो जरा," ते म्हणाले.

"पुन्हा एकदा वाजवता का?"

काकांनी तळवा माझ्यावर ठेवला आणि मग बटण दाबलं. माझ्या तोंडून नुसतं 'टप' निघालं. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

"जाऊ दे गं, खेळ तू," सासू म्हणाली. त्या दोघी हरल्या.

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, तुम्ही ऐकलंत ना?" शिंप्याला बाद करणारं तोंड आता शिवलं होतं.

अंतिम फेरीतही मी 'टप'च वाजले. दादा जिंकले. समारंभाला झाडून सगळे संगणकासमोर बसले, अगदी बाद झालेलेही. दादांनी भाषण सुरू केलं. "या खेळात सचोटी लागते," वगैरे. तेवढ्यात काकू हात पुसत आल्या. माझ्यावरचा काकांचा हात त्यांनी बाजूला केला आणि मला दाबलं, चांगलं जोरात. टिंग!

दादा हसले, बोलत राहिले. काकू मनात आकडे मोजत होत्या. ओठ हलत होते, मला दिसत होते. दादा 'प्रामाणिकपणा' या शब्दापर्यंत आले आणि त्यांच्याच खोलीत मी वाजले. जिंकण्याच्या नादात ते पान बंद करायला विसरले होते.

"काका, अजून घुमतोय का आवाज?" सुनेनं विचारलं.

काका माइकपाशी सरकले. मग म्हणाले, "आवाज घुमत नाही. मला हे उपांत्य फेरीतच कळलं होतं. दादा, तू बाद. आणि मीही."

"ती घंटी मीच आणली होती, विसरलास?" एवढं बोलून दादा निघून गेले. ऐका! म्हणजे मी त्यांच्यासाठी खोटं वाजायला हवं होतं.

पुढच्या रविवारी अंतिम सामना पुन्हा झाला. सासू-सून त्यात खेळल्या आणि सपाटून हरल्या. स्पर्धा भरवायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मीही तिच्या टेबलावर आले. वर्षभर दोन्ही भावांमध्ये अवाक्षर नाही, असं काकू मधून मधून सांगायच्या.

यंदा काका-काकूंनी खेळाडू म्हणून नाव दिलं. पहिल्या फेरीत समोर कोण, तर शिंपी आणि मेहुणा. काकू वेळेवर आल्या. काकांचा पत्ता नाही. तीन मिनिटं झाली. चार झाली. मग काका आले, धापा टाकत.

"दादाचा फोन आला होता," ते म्हणाले. आवाज ओला होता. "वर्षानं. कसा ठेवणार?"

सुनेचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"जाऊ द्या ना ताई," शिंपी म्हणाला. "चारच मिनिटं."

"नाही," काका म्हणाले. "नियमात फोनचा उल्लेख नाही. वाजव, पोरी."

इतकी वर्षं मी माणसांना नावं ठेवत आले. त्या क्षणी मात्र वाटलं, या बोटानं आज थोडं चुकावं. तिनं दाबलं. मी वाजले, स्वच्छ, आणि पलीकडे काका हसले.