ईझमेंटचा अर्थ

सोनिवलीच्या जयदेवांनी रस्त्यालगतची जमीन बिल्डरला विकली, तेव्हा मागचा भाजीचा तुकडा मात्र स्वतःकडे ठेवला होता. तिथे जायला पूर्वेच्या हद्दीने आठ फुटांची वाट खरेदीखतातच लिहून घेतली होती. जयदेव गेले, त्या जमिनीवर तीन इमारती झाल्या, तरी त्यांची बायको ठमाबाई रोज सकाळी त्याच वाटेने मळ्यात जायची. यंदा मार्चमध्ये सोसायटीने वाटेच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. आता तिला नाल्याकडून वळसा घालून जावं लागे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ते जड जाऊ लागलं.

तिचा मुलगा हरेश सोसायटीत विचारायला गेला. सेक्रेटरी विष्णुपंतांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि शांतपणे समजावलं, की कागदात ‘ईझमेंट’ असा शब्द आहे. ईझ म्हणजे आराम, सोय. बिल्डरने तेव्हा सोय दिली होती. आता लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ती बंद करावी लागतेय. हरेश चहा संपवून परत आला. व्यवहाराच्या वेळी एजंटनेही त्यांना हाच अर्थ सांगितला होता, त्यामुळे घरात सगळे त्या वाटेला ‘सोय’च म्हणत.

हरेशची मुलगी उन्नती बदलापुरात एका सर्व्हेयरच्या ऑफिसात नकाशे काढायची. ईझमेंट हा शब्द तिने कितीतरी नकाशांवर लिहिला होता, पण तो आपल्या घरच्या कागदावर आहे हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी तिने खरेदीखत ऑफिसात नेलं आणि तिथला कायद्याचा जाडजूड शब्दकोश काढला. तिच्या साहेबांनी, धर्मेशभाईंनी, खतातलं ते वाक्य दोनदा वाचलं आणि सांगितलं, की हे कोणावर केलेले उपकार नाहीत. हा हक्क माणसाला नाही, मागच्या जमिनीला जोडलेला आहे. पुढची जमीन कोणीही घेतली तरी तो राहतो.

रविवारी सोसायटीची सभा होती. उन्नतीने आधी फोन करून पाच मिनिटं मागून घेतली आणि खत व ऑफिसातला तो शब्दकोश घेऊन बापाबरोबर गेली. आवाज न चढवता तिने आधी खतातलं वाक्य वाचलं, मग अर्थ मराठीत सांगितला.

“काका, ईझमेंट म्हणजे सोय नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचा हक्क. आपल्याकडे त्याला वहिवाट म्हणतात.”

विष्णुपंतांनी शब्दकोश मागून घेतला. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी तीस वर्षं सुरक्षेच्या सूचना लिहिल्या होत्या. सोसायटीच्या नोटिशीतला स्वल्पविरामसुद्धा ते दुरुस्त करत. चष्मा लावून त्यांनी ते पान सावकाश वाचलं.

“कारखान्यात असा अंदाजाने अर्थ लावला असता, तर मला घरी पाठवलं असतं,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. कुलूप आज निघेल.”

हरेशचा चेहरा खुलला. पावसाळ्याआधी त्या वाटेवर पत्र्याची शेड टाकून आपला टेम्पो उभा करतो, असं तो तिथेच म्हणाला. सभेत कुजबुज सुरू झाली. उन्नतीला बापाला चारचौघांत तोडायचं नव्हतं, पण गप्प बसली असती तर आत्ताच सांगितलेला अर्थ तिनेच मोडला असता.

“बाबा, तो हक्क जायचा-यायचा आहे. जागा त्यांचीच आहे. तिथे शेड नाही टाकता येणार.”

हरेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. समोर बसलेल्या सोनियाने, जिची दोन लहान मुलं खाली खेळत असत, फाटक तरी ठेवता येईल का असं विचारलं. फाटक खुशाल ठेवा, फक्त कडी आम्हाला दोन्ही बाजूंनी काढता आली पाहिजे, असं उन्नतीने सांगितलं. तेवढं लेखी करून घेऊन दोन्हीकडच्या सह्या झाल्या. विष्णुपंतांनी मजकूर स्वतः लिहिला आणि सही करण्याआधी उन्नतीला वाचायला दिला.

घरी जाताना गावच्या वळणावर हरेश थांबला. मग म्हणाला, शेड आपल्याच मळ्यात टाकू, कोपऱ्यात जागा आहे. उन्नतीने त्याला मोजमाप घेऊन नकाशा काढून द्यायचं कबूल केलं.

ठमाबाई ओटीवर बसली होती. काय झालं ते तिने नीट ऐकून घेतलं आणि तो इंग्रजी शब्द पुन्हा एकदा सांगायला लावला.

“वहिवाट व्हती, त मंग वहिवाट लिवायची,” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तोडायच्या मेथीसाठी पाट्या काढायला आत गेली.