एकाच मापाचे दोघे

थोरला आणि धाकटा यांच्यात अकरा मिनिटांचं अंतर, आणि त्या अकरा मिनिटांच्या जोरावर थोरल्याने जन्मभर दादागिरी केली. दोघे जुळे, तेही असे की सख्खी आईसुद्धा फसायची. पुढे दोघांनी मिळून शिंप्याचं दुकान टाकलं. थोरला कापड बेतायचा, धाकटा शिवायचा. स्वतःचे कपडे शिवायचे झाले तर टेप थोरल्याच्याच अंगाला लागायची, धाकट्याचं माप वेगळं घ्यायचं कशाला? साठीला टेकले तरी दोघांची पोटंसुद्धा इमानदारीने सारखीच सुटली होती.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने जी चूक करू नये, नेमकी तीच थोरल्याने केली.

झालं असं, की यांचे वडील, अप्पा, तान्हे असताना अनाथाश्रमाच्या दारात सापडलेले. मूळ कुठलं, आईबाप कोण, काही म्हणजे काही माहीत नाही. शाळेत कुणी आजोबांचं नाव विचारलं की थोरला रडवेला व्हायचा, आणि तो सल अजून गेला नव्हता. म्हणून त्याच्या लेकीने वाढदिवसाला डीएनए चाचणीचा डबा आणला. नळीत थुंकायचं, नळी पाठवायची. ज्यांनी ज्यांनी अशी थुंकी पाठवलीय, त्यांच्यातले तुमच्या रक्ताचे कोण ते कंपनी शोधून देते.

धाकट्याने डबा बघितला आणि म्हणाला, "नको."

"अरे, तू थुंकूच नकोस. मी थुंकतो."

"तूही नको, दादा."

"का पण?"

"नको म्हणतोय ना."

थोरल्याचं डोकं सटकलं. "माझं तोंड, माझी थुंकी! तुझं काय जातंय?"

धाकट्याने मशीन सुरू केलं. त्याचं भांडण असंच संपायचं.

दुसऱ्या दिवशी थोरला नळीत थुंकला. लेक मोबाइलवर कंपनीच्या अटी वाचत होती. "ही माहिती रक्ताच्या नातेवाइकांबद्दलही काही सांगू शकते, असं लिहिलंय. बाबा, काकांना विचारलंत ना?"

"विचारलं," थोरला बेधडक म्हणाला. आता खोटं कुठे बोलला तो? विचारलं होतंच की! उत्तर काय मिळालं, ते कोणी विचारलं नाही.

दीड महिन्याने निकाल आला. अप्पांच्या बाजूचे म्हणावेत असे दोन-चार लांबचे लोक होते, त्यांच्यावरून काहीच कळेना. पण सगळ्यात वर एका बाईचं नाव होतं. वय पस्तीस, नातं मुलगी, आणि तिचं शहरही लिहिलेलं. खाली तिचा निरोप: "मला तुमच्याकडून काही नको. फक्त एकदा भेटायचंय."

लेकीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने तो निरोप बापाच्या मोबाइलवर पाठवला आणि आईला नेऊन दाखवला.

"पस्तीस वर्षं!" थोरल्याची बायको कडाडली. "आपल्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा! आणि शहर तेच, जिथे तुम्ही महिन्या-महिन्याला कापड आणायला जायचात. कापडच आणत होतात ना?"

"अगं, शपथेवर सांगतो..."

"शपथा पुरे. ती कंपनी खोटी आणि तुम्ही तेवढे खरे?"

अशा जुळ्यांचा डीएनए एकच असतो, तरी काकाचं नाव लेकीच्या डोक्यातही आलं नाही. काकाला मूल होत नाही, दोष त्याच्यात आहे, हे घरात सगळ्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. थोरला तावातावाने दुकानाकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्या वर्षी धाकटा कोट शिवायला शिकायला आठ महिने त्याच शहरात राहिला होता.

धाकट्याने निरोप वाचला. मग मोबाइल कापडावर पालथा ठेवला.

"हिच्या आईनेच सांगितलं होतं, मूल मी वाढवीन, तू जा. मी गेलो. भित्रा होतो, दुसरं काय!"

"अरे, पण तुझ्यात दोष आहे ना?"

"नाही." धाकट्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "डॉक्टरने मला एकट्याला बोलावून सांगितलं होतं, बायकोला मूल होणार नाही. आणि ही बाहेर बाकावर बसून मुलांची नावं ठरवत होती रे! बाहेर आलो तर मला तोंड उघडवेना. म्हटलं, माझ्यात आहे. एकदा म्हटलं ते म्हटलं."

"मला कारण सांगायचंस ना, गाढवा!"

"कारण सांगायचं म्हणजे हे सगळंच सांगायचं. मी नको म्हटलं होतं, दादा. तेवढं तुला पुरलं नाही."

थोरल्याला लाज वाटली. आणि लाज वाटली की तो लगेच मोठेपणा अंगावर घ्यायचा. "माझीच आहे म्हणतो मी. माझी बायको आरडाओरडा करेल, पण उभी राहील. तुझी खचेल." आता बघा, या वेळी तरी बायकोला विचारलं का? नाव नको! आणि ती परक्या शहरातली पोर भलत्याच माणसाला बाप म्हणेल, हा विचार तर दोघांपैकी एकालाही शिवला नाही.

घरी जाऊन थोरल्याने कबुली दिली. लेक दाराला कडी लावून बसली. बायको ओरडलीच नाही. तिने गपचूप त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटा दोऱ्याची रिळं आणायला गेला होता. धाकट्याची बायको रोजच्यासारखी दुकानाच्या कोपऱ्यात काजं-बटणं करत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, ताई काल माझ्यापाशी फार रडल्या."

"हं."

"तुम्ही त्या शहरात सकाळी जायचात आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचात. सासूबाई सांगायच्या. हे मात्र तिथे आठ महिने राहिले."

"अगं, मीच तो. एकदा काय झालं..."

"राहू द्या. खोटं तुम्हाला जमत नाही. ते ह्यांना जमतं." तिने सुई कापडात टोचून ठेवली. "आणि माप तर तुमचं दोघांचं एकच."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कात्री खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"म्हणजे दोष माझ्यात होता," ती म्हणाली. "तीस वर्षं मी ह्यांची समजूत घालत आलेय, भावोजी. कुणाकडे मूल झालं की हे गप्प व्हायचे. मला वाटायचं, स्वतःला खातायत. मी म्हणायची, अहो, मनाला लावून घेऊ नका, मी आहे ना." तिने हातातलं काज उलटं करून बघितलं. "तेव्हा हे माझीच कीव करत होते."

"माझं चुकलं गं. मी ते थुंकायलाच नको होतं."

"अप्पांचं मूळ शोधत होतात ना तुम्ही? सापडलं?"

"नाही."

तेवढ्यात धाकटा रिळांची पिशवी घेऊन आत आला. त्याने बायकोचे डोळे बघितले, मग भावाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "काय झालं?"

"काही नाही." तिने पदराने नाक पुसलं आणि सुई उचलली. "ताईंचं मनात येऊन रडू आलं. म्हटलं, त्यांना मूल आहे, वर आणखी एक निघालं, आणि आपल्याला..." ती नवऱ्याकडे बघून हसली. "जाऊ दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी आहे ना."

धाकट्याच्या जिवात जीव आला. तो मशीनवर जाऊन बसला.

तिने थोरल्याकडे एकदाच बघून मान हलवली. सांगू नका. का, ते या वेळी त्याने विचारलं नाही. खिशात मोबाइल होता, त्यात त्या पोरीचा निरोप चार दिवस तसाच पडून होता. तिला काय लिहायचं, हे आता कोणाला विचारावं ते थोरल्याला कळेना.